हळदीचे डाग आणि नवोदितांचा गट

तमिळ आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, कुंभकोणमला लग्नं होत नाहीत. कार्यालयं रिकामी असतात, भाडं कमी पडतं, म्हणून आमच्या भागातल्या टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाची प्रदर्शन-स्पर्धा दरवर्षी त्याच महिन्यात भरते. अडतीस वर्षं मी या स्पर्धेला जाते आहे. म्हणजे माझे यजमान जातात आणि मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जाते.

या वर्षी स्पर्धेच्या दीड महिना आधी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. सेक्रेटरी म्हणजे कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ, फार सालस माणूस. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता.

"सर, नवोदितांच्या गटात चारच नावं आली आहेत. निदान पाच हवीत, नाहीतर गट रद्द करावा लागेल. तुमच्या ओळखीत कुणी आहे का? घरात? मॅडम?"

हे हसले. "तिच्याकडे काय आहे? साड्या आहेत."

मी खाली बसून वांगी चिरत होते. म्हटलं, "माझं नाव लिहा."

त्यात बाणा वगैरे काही नव्हता. इतकी वर्षं यांची पानं करून करून मी अशी दमले होते, की आणखी सोळा पानांचं भय वाटलं नाही, एवढंच. भाराच्या बैलावर आणखी एक पेंढी टाकली तरी तो मान हलवत नाही, तसं.

मी मिरजेची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या घरातली मराठी ऐकून मला हसू येई आणि माझी ऐकून त्यांना. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या घराण्यांची ती जुनी मराठी, तमिळ शब्द कालवलेली. आता माझीच जीभ मधेमधे तशी वळते. यांचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

हे बँकेत होते, पापनाशम्‌च्या शाखेतून निवृत्त झाले. तिकिटांचा नाद कॉलेजपासूनचा. पुढे तिकिटं मागे पडली आणि जुनी पत्रं, पाकिटं, त्यांच्यावरचे शिक्के यांत ते शिरले. "तंजावर जिल्ह्याचं जुनं टपाल" हा त्यांचा विषय. पाच चौकटी, चौकटीत सोळा पानं, म्हणजे ऐंशी पानं. प्रत्येक पानावर एक-दोन पाकिटं लावायची आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं, की हे कुठून निघालं, कुठल्या वाटेने गेलं, शिक्का कुठला, त्यात विशेष काय.

ते अक्षर माझं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांनी माझं इंग्रजी अक्षर पाहिलं आणि एक पान लिहायला दिलं. पेन्सिलीने पुसट रेघ मारायची, काळ्या शाईने लिहायचं, वाळलं की रेघ खोडायची. चुकलं तर पान नवं. हे सांगत, मी लिही. यांनी रौप्यपदकं मिळवली, एकदा त्याहून वरचंही मिळालं. त्या वेळच्या फोटोत यांच्यामागे एक पिशवीवाला हात दिसतो, तो माझा.

गेल्या तीनेक वर्षांत यांची नजर गेली. साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. शिक्क्यावरचं अक्षर तर भिंगातूनही नाही. पण ही गोष्ट मंडळात कुणाला ठाऊक नव्हती. यांनी सांगू दिली नाही. दर महिन्याच्या सभेत कुणी एखादं पाकीट यांच्यापुढे धरलं, की हे भिंग डोळ्याला लावत आणि मी शेजारून हळूच मराठीत सांगे, "तांबडं तिकीट, गोल शिक्का, वरचं नाव चोळपुरम्, तारीख पुसली आहे." मग हे मान हलवून तमिळमध्ये अर्धा तास बोलत. तिथे मराठी आम्हा दोघांखेरीज कुणाला येत नाही. लोकांना वाटे, म्हातारी काहीतरी घरचं बोलते आहे, गोळीची वेळ झाली असेल.

माझा संग्रह म्हणजे लग्नपत्रिकांची पाकिटं. या गावात पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावतात, पाकिटालाही लावतात. हळद लागलेला कागद केरात टाकायचा नाही असं सासूबाईंनी मला आल्या आल्या सांगितलं होतं. पत्रिका देवळात ठेवून येत असू, पाकिटं मागे राहत. ती मी साडीच्या खोक्यांत घालत गेले. अशी चार खोकी भरली. जमवतो आहोत असं कधी मनात आलं नाही. टाकायचं नाही म्हणून ठेवलं.

आता ती उलगडून बसले. दुपारी हे आडवे झाले की मी पुढच्या खोलीत जमिनीवर पाकिटं मांडी. मरुदानल्लूरचा शिक्का, पापनाशम्‌चा शिक्का. तिकिटं दर काही वर्षांनी बदललेली. एक पाकीट सहा ठिकाणी फिरून आलेलं, पाठीवर शिक्केच शिक्के. एक सासऱ्यांच्या नावाने आलेलं, ते जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. आणि सात पाकिटं अशी, की मुहूर्त होऊन गेल्यावर आलेली. आम्ही त्या लग्नांना गेलो नाही म्हणून दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. पाकिटावरचा आमच्या पोस्टाचा तारखेचा शिक्का तेव्हा कुणी पाहिला असता तर बरं झालं असतं. त्या सातांचं मी एक पान केलं.

त्याच महिन्यात यांची ऐंशी पानंही होती. जुनीच, पण दरवर्षी पंधरा-वीस बदलतात. "अगं, तिसरी चौकट काढ. चौथं पान पुन्हा लिही, तिथे मार्ग चुकलाय." मी लिही. उजवा खांदा दुखे तो मानेत चढे. मलम लावायचं तर हात धुवायला हवेत, तेलकट बोट पाकिटाला लागायला नको. म्हणून मलम राहून जाई.

एका दुपारी यांनी विचारलं, "तुझं काय चाललंय?"

मी सांगितलं.

"हळद लागलेली?" हे म्हणाले. "तो डागी माल. परीक्षक पहिल्यांदा स्वच्छता बघतात."

"हळद काढली तर लग्नाचं पाकीट कसं राहील?"

यांनी माझ्या बाजूला कान केला. म्हणाले, "वाच एक पान."

मी बुकपोस्टचं पान वाचलं. छापील पत्रिका स्वस्त दरात जाते, पाकीट चिकटवायचं नाही, झाप नुसती आत खोचायची, असं मी लिहिलं होतं. यांनी एक वाक्य घालायला लावलं, की आत हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली तर ती सवलत जाते. ते बरोबर होतं. मी घातलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही कार्यालयात पोचलो. आडीचा वारा सुटला होता, दारं आपटत होती. पानं उडू नयेत म्हणून मी पंखे बंद करायला लावले आणि घामाने भिजत एकटीने शहाण्णव पानं चौकटीत सरकवली. यांची भिंतीकडेला, अकरा ते पंधरा नंबर. माझी टोकाला, हात धुवायच्या जागेजवळ, बत्तीस नंबर. हे खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत होते. आवाजावरून माणूस ओळखण्यात आता ते तरबेज झाले आहेत.

दहा वाजता परीक्षक आले, तिघं, बाहेरगावचे. मुख्य परीक्षक तिरुचीचे एक वयस्क डॉक्टर, सडपातळ, बोलणं मऊ. त्यांना फिरताना मी लांबून पाहत होते. माझ्या चौकटीपुढे ते बराच वेळ थांबले. एकाने सातांच्या पानाकडे बोट दाखवलं आणि तिघंही हसले. चांगलं हसले. मला बरं वाटलं. मग डॉक्टर मागे वळून यांच्या चौकटींकडे गेले, परत माझ्याकडे आले, परत तिकडे गेले.

जेवणाची पानं उठल्यावर सेक्रेटरी आम्हाला बोलवायला आले. वधूपक्षाला देतात त्या खोलीत परीक्षक बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि बोलायला लागले ते यांच्याशी.

"सर, बत्तीस नंबर फार सुरेख आहे. आमच्या मते नवोदितांत पहिला. पण सातवा नियम असा, की त्या गटात स्पर्धकाने स्वतः पानं करायची. बत्तीस नंबरचं अक्षर आणि तुमचं अक्षर एकच आहे. तुम्ही मायेपोटी केलं असेल, आम्ही समजू शकतो. पण नाइलाज आहे."

सेक्रेटरी जमिनीकडे बघत होते.

मला राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं, बसायला मिळालं तर बरं. पाय भरून आले होते आणि मला कुणी खुर्ची दिली नव्हती. अडतीस वर्षांची गोष्ट उभ्याने, तमिळमध्ये, तीन परक्या माणसांना कुठून सांगायला सुरुवात करायची? आणि सांगायला लागलं तर यांच्या डोळ्यांपर्यंत जाणार. मी मराठीत म्हटलं, "काही बोलू नका. माझं नाव वगळू दे त्यांना. आपण घरी जाऊ."

भिंग हातात होतं, ते यांनी मिटून खिशात घातलं.

"अक्षर तिचं आहे," हे म्हणाले.

"बत्तीस नंबरचं?"

"दोन्हीकडचं."

डॉक्टरांनी क्षणभर कागदांकडे पाहिलं. "लेखनिक म्हणून, असं ना? मजकूर तुमचा?"

"पूर्वी माझा." हे म्हणाले. "आता मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. शिक्के ती वाचते. कुठलं पाकीट कुठे लावायचं ते ती ठरवते. मी आठवेल तेवढं सांगतो."

सेक्रेटरींनी मान वर केली आणि यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग भिंग ठेवलेल्या खिशाकडे. गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या सभा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. यांचे कान लाल झाले होते. हे मला फार क्वचित दिसलं आहे.

दुसऱ्या एका परीक्षकाने माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "अम्मा, गैरसमज नको. चार शब्द लिहून दाखवता?"

साठी ओलांडलेली बाई, शाळेतल्यासारखं वाकून मी लिहिलं. काय लिहावं सुचेना, म्हणून आमचा पत्ता लिहिला. अक्षर तेच उमटलं. मग त्यांनी यांच्या बारा नंबरच्या चौकटीतल्या एका पाकिटाबद्दल विचारलं, नागपट्टिणमहून आलेलं, मार्ग कुठला. मी सांगितलं. खांद्याची कळ सोडली तर मला त्यात अवघड काही नव्हतं.

"आणि एक सांगते," मी म्हटलं. "बुकपोस्टच्या पानावरचं शेवटचं वाक्य यांचं आहे. बाकीचं माझं."

तिघं आपसात कुजबुजले. मग डॉक्टर म्हणाले, या खेपेला माझ्याशी, "अम्मा, तुम्ही किती वर्षं पानं करता?"

"अडतीस."

त्यांनी नियमांचा कागद पुन्हा उचलला. चेहरा खरोखरच कष्टी झाला होता. "मग तुम्ही नवोदित नाही. आधी प्रदर्शनासाठी मांडणी केलेली व्यक्ती या गटात बसत नाही. तुम्हाला अनुभवींच्या एक-चौकट गटात घ्यावं लागेल."

सेक्रेटरींच्या तोंडून "अय्यो" निघालं. मी गेले की नवोदितांत पुन्हा चारच उरत होते. ते हात जोडून म्हणाले, गट राहू द्या, चौघं लांबून आले आहेत. परीक्षकांनी राहू दिला. माझ्यापुरता मात्र नियम नियमच राहिला.

संध्याकाळी पदकं दिली. यांना रौप्य, गेल्या वर्षीसारखंच. त्या गटात पानं कुणी लिहायची याचा नियम नाही. नवोदितांत पहिली आली ती मायावरमची एक तरुण परिचारिका, औषधी वनस्पतींची तिकिटं घेऊन आलेली. टाळ्या मी मनापासून वाजवल्या. मला अनुभवींत कांस्य मिळालं. सोबतच्या शेऱ्यात लिहिलं होतं: विषय नवा, मजकूर उत्तम, पाकिटांवर डाग.

मग मी शहाण्णव पानं पुन्हा काढली. या वेळी सेक्रेटरी मदतीला आले. शेवटचं पान पिशवीत घालताना म्हणाले, "मॅडम, सर सभेत बोलायचे तेव्हा तुम्ही ते मराठीत..."

"हो," मी म्हटलं.

"मला वाटायचं गोळ्यांबद्दल."

रिक्षात महामहम तळ्याच्या वळणावर हे म्हणाले, "मी बोललो म्हणून तुझं पहिलं बक्षीस गेलं."

"तुम्ही बोलला नसतात तर नावच वगळलं असतं."

"तसं नाही." रिक्षा खड्ड्यात आदळली, यांनी दांडी धरली. "मी आधीच सांगायला हवं होतं. तुझं नाव माझ्याही पानांवर असायला हवं होतं."

असं वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी यावं. मी तेव्हा खरंच प्रयत्न करून पाहिला. पण मला फक्त घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालायचे होते. "बघू पुढे," असं मी म्हटलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

पुढच्या आठवड्यात मंडळातले बरेच जण येऊन गेले. कुणी डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता आणला, कुणी मजकूर वाचून दाखवणारा फोन. यांना आधी ते सगळं फार लागलं. दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत, मला सांबारावरून बोलले. मग सैलावले. लपवायचं काही उरलं नाही की माणसाचा चेहराच बदलतो. आता सभेत हे सरळ म्हणतात, "मला दिसत नाही, वाचून दाखवा." लोक वाचतात, आणि यांचं बोलणं पूर्वीपेक्षा जास्त ऐकतात.

मला मात्र सभेला जायची गरज उरली नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. मीच एका रविवारी म्हटलं, "आज तुम्ही जा, मी नाही येत." यांनी विचारलं, "बरं नाही वाटत?" मी म्हटलं, "बरं आहे. दमले आहे." मग हे एकटे, रिक्षावाल्याचा हात धरून गेले.

पुढच्या वर्षीच्या अर्जाचं बोलणं एकदा निघालं. अर्जात स्पर्धकाच्या नावाला एकच ओळ असते. यांनी सेक्रेटरींना फोन करून दोन नावं चालतील का विचारलं. ते म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवतो. मी यांना सांगितलं, "ठेवू द्या. पण पुढच्या वर्षी मी लिहिणार नाही. तुमचंही नाही, माझंही नाही."

"का? रागावलीस?"

"खांदा उचलत नाही हो."

यांना ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. खरं होतं. रागही असेल कुठे, पण तो शोधायला वाकावं लागेल, आणि आता वाकवत नाही.

चोळपुरम्‌चे एक निवृत्त शाळामास्तर हल्ली दर शनिवारी बसने येतात. मंडळात नवे आहेत, शिकायची हौस आहे. हे सांगतात, ते लिहितात. अक्षर बरं आहे, रेघेवरून किंचित खाली घसरतं. मी त्यांना कॉफी देते आणि आतल्या खोलीत पंख्याखाली आडवी होते. दार लोटलेलं असलं तरी सगळं ऐकू येतं.

गेल्या शनिवारी मास्तर एक शिक्का वाचत होते. "तिरुवारूर," ते म्हणाले. कुठलं पाकीट ते मला यांच्या प्रश्नांवरून कळलं. त्यावर तिरुवैयारू आहे. शेवटची अक्षरं घासलेली आहेत, मी पंधरा वर्षांपूर्वी उन्हात धरून वाचली होती. हे घोटाळले. "तिरुवारूर? मग हा मार्ग कसा जुळणार?" बराच वेळ दोघं नकाशावर खल करत होते. यांनी एकदा हाक मारली, "अगं, झोपलीस का?"

मी जागी होते. उशी थोडी वर ओढली, दुखरा खांदा वरच्या बाजूला येईल अशी कुशीवर वळले, आणि ओ दिली नाही. बाहेर मास्तर म्हणाले, "झोपू द्या त्यांना, सर. आपण उन्हात धरून बघू." खुर्च्या सरकल्या, अंगणाचं दार उघडलं, आणि दोघांचे आवाज बाहेर गेले.